पंक्तिप्रपंच

लग्नाच्या पंगतीत यजमानाच्या जावयाच्या पानात दोनदा बुंदी पडते आणि टोकाला बसलेल्या पाहुण्याला वाढपी डोळ्यांनीही दिसत नाही, हे तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. याला आपल्या भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा नेमका शब्द आहे. पंगतीत मात्र जेवण फुकटचे असते, म्हणून आपण हसून सोडून देतो. हाच प्रकार पैसे मोजून, टेबल-खुर्चीवर बसून, समुद्राच्या काठी कसा घडतो ते आज सांगणार आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र तसा लांबच. पण आता मुले पुण्या-मुंबईला नोकरीला लागली आहेत. समृद्धी महामार्गही जून 2025 पासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला (आपल्या जिल्ह्याला बगल देऊन गेला, तो भाग वेगळा). त्यामुळे कापूस निघाला की चार दिवस कोकणात जाऊन येणारी कुटुंबे गावोगाव भेटू लागली आहेत. तुमच्या घरीही हा बेत शिजत असेल, तर हा मजकूर घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

2023 च्या जानेवारीत आम्ही शेतकऱ्यांची अभ्यास सहल घेऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात गेलो होतो. काजूची कलमे पाहिली, संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या वाळूवर येतात आणि तोंडी बोली सुरू होते. आपल्या बाजार समितीचाच देखावा, फक्त कापसाऐवजी सुरमई आणि पापलेट. परतीच्या आदल्या रात्री आमच्यातल्या अकरा जणांनी ठरवले की, एवढ्या लांब आलोच आहोत तर स्वतःच्या पैशाने एकदा चांगल्या हॉटेलात मासे खावेत. हॉटेलचे नाव सांगत नाही. किनाऱ्यावर नारळीच्या बागेत, झाडांना दिव्यांच्या माळा, दाराशी गणवेशातला पहारेकरी.

आमच्यात सात जण धोतर-टोपीवाले, दोन महिला शेतकरी नऊवारीत. पहारेकऱ्याने आधी आमच्या चपलांकडे पाहिले, मग आत जाऊन विचारून आला. समुद्राकडची टेबले रिकामी होती. ती 'राखून ठेवलेली' निघाली. आम्हाला मागे, भटारखान्याच्या दाराशी दोन टेबले जोडून दिली. पंखा बंद. लाटांचा आवाज येत नव्हता, भांडी घासल्याचा येत होता. आमच्यानंतर मोटारीतून एक कुटुंब आले. ते तडक राखून ठेवलेल्या टेबलावर बसले आणि त्यांच्यापुढे सोलकढीचे पेले आलेसुद्धा. आमच्याकडे पाऊण तास कोणी फिरकले नाही. पुढे तीन वाढपी हात बांधून उभे होते आणि मागच्या सहा टेबलांना नेपाळचा एकच कोवळा पोरगा धावत होता. त्या पोराचा दोष मी काढणार नाही. चपात्या गार झाल्या तर तो आपणहून परत नेऊन गरम आणत होता. कोणाला किती वाढायचे हे गल्ल्यावरून ठरत होते.

मग खाद्यपत्रिका आली. सगळ्या पदार्थांपुढे दर होता, फक्त पापलेट आणि सुरमईपुढे लिहिले होते, 'बाजारभावाप्रमाणे'. आमच्यातले राळेगाव तालुक्यातले एक बुजुर्ग ते ऐकून म्हणाले, "सायेब, हे बेस हाये. इथं इकनारा भाव सांगते, अन् आपल्या कापसाले घेनारा सांगते. मासोयी आपल्याहून नशीबवान!" सगळे टेबल खदखदले. तेव्हा पुढच्या वाढप्यांनी पहिल्यांदा आमच्याकडे पाहिले.

मासे मात्र उत्तम होते, हे सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे पैनगंगेची नाहीतर तलावाची मरळ झणझणीत तर्रीत शिजते. तिकडे नारळाच्या वाटणात आमसूल घालतात, तिखट बेताचे. सुरमईची तुकडी रव्यात घोळून तळलेली, काटा एकच. आमच्या धोतरवाल्या मंडळींनीही ताटे चाटूनपुसून साफ केली.

बिल आले ते असे: जेवणाचे 9,600 रुपये, त्यावर दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' म्हणजे 960, आणि या दोहोंवर पाच टक्के जीएसटी 528. एकूण 11,088. अकरा जणांत माणशी 1,008 रुपये. एक क्विंटल कापूस विकून आलेले सगळे पैसे दिले असते तरी भागले नसते. राळेगावच्या त्याच बुजुर्गांनी बोट ठेवून विचारले, "हे नऊशे साठ कायचे?" मी म्हणालो, सेवेचे. ते म्हणाले, "कोनती सेवा?" गल्ल्यावरच्या माणसाकडे याचे उत्तर नव्हते. "इथे सगळ्यांना लागतो," एवढेच तो म्हणाला.

इथे थोडे थांबून हे पैसे समजून घ्या. जीएसटी हा सरकारचा कर आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज सरकारचा नव्हे, तो हॉटेलमालकाच्या गल्ल्यात जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सूचना काढल्या की, हा आकार हॉटेलवाल्याने बिलात आपणहून लावू नये आणि दुसऱ्या नावानेही वसूल करू नये. ग्राहकाने खुशीने दिला तर दिला. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. पुढे 28 मार्च 2025 रोजी त्याच न्यायालयाने या सूचना योग्य ठरवल्या. म्हणजे आम्ही जेवलो तेव्हा प्रकरण कोर्टात लोंबकळत होते. आता तसे कोणी केले तर तो आकार काढायला सांगा. न काढल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. आणखी एक. 'बाजारभावाप्रमाणे' असे लिहिलेले असेल तर मासा कढईत पडण्याआधी डोळ्यांनी पाहा, वजन आणि दर विचारा. यात लाज कसली? आपण बियाण्याची पिशवी तरी दर न विचारता घेतो का?

आता, मागच्या टेबलावर बसवण्याला मात्र अशी तक्रारवही नाही. 2024 च्या जुलैत बंगळुरूच्या एका मॉलमध्ये धोतर नेसलेल्या वयस्क शेतकऱ्याला दारातच अडवले, तेव्हा गवगवा होऊन तो मॉल सात दिवस बंद ठेवावा लागला. पण पाऊण तास कोणी पाणी विचारले नाही, याचा गवगवा होत नाही. बसमध्ये परतताना पुरुष मंडळी हाच विषय चघळत होती. तेव्हा पुढच्या बाकावरच्या घाटंजीकडच्या बाई मागे वळून म्हणाल्या, "तुमाले एका राती बसवलं तं एवढं लागलं? आमी तं घरी रोजच चुलीपाशी बसतो, तेबी सर्व्यायच्या मांगून." बसमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही. सालगड्याच्या ताटाबद्दलही त्या काहीतरी म्हणाल्या, पण तोवर एकाने मोबाइलवर गाणी लावली.

2025 च्या डिसेंबरात मुलगी-जावयांबरोबर त्याच हॉटेलात जाणे झाले. या वेळी आम्ही चौघे मोटारीतून उतरलो. पहारेकऱ्याने दार उघडून धरले. टेबल समुद्राकडचे, सोलकढी न मागता आली, वाढपी दोन. सुरमई तीच, चवही तीच. बिलात सर्व्हिस चार्ज 420 रुपये होता. मी शांतपणे तो काढायला सांगितला. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी हूं की चूं न करता दुसरे बिल दिले. त्यावरचा जीएसटीही गेल्याने 4,851 चे 4,410 झाले.

हात धुण्याच्या निमित्ताने मी मागे जाऊन आलो. नेपाळचा पोरगा तिथे नव्हता, दुसराच होता. त्याच्या हातात वीस-तीस नव्हे, शंभराची नोट ठेवली. कुठल्यातरी शाळेच्या शिक्षकांची सहल तिथे दोन टेबले जोडून बसली होती आणि पंखा अजून बंदच होता. त्यांतल्या एका गुरुजींना सर्व्हिस चार्जची गोष्ट सांगितली. त्यांनी खिशातून डायरी काढून 1915 हा आकडा लिहून घेतला.