झेंडा तोडायला निघालेल्या भाच्यास

पांढुर्णा,
श्रावण वद्य दशमी

चि. बाळ,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं, शेवटची ओळ मात्र गाळली. लेकीच्या शाळेसाठी गावाचा इतिहास, ठिकाणं आणि खेळ विचारलेस, ते बरं केलंस. पण 'यंदा मीही नदीत उतरणार' हे काय लिहून बसलास? बाबाच्या कपाळावरची खोक विसरलास?

पोरीला सांग, आपला मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी. ५ ऑक्टोबर २०२३ला छिंदवाड्यातून निघून, सौंसरला सोबत घेऊन आपला वेगळा जिल्हा झाला. संत्र्याच्या बागा लिही, चंडीमातेचं देऊळ लिही, जाम सावळीचा निजलेला मारुती लिही. तिथं आबांच्या खांद्यावर तूही निजला होतास.

आता खेळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. आपली पोरं कुऱ्हाड घेऊन झेंड्याकडे धावतात, सावरगावची गोटे मारून अडवतात. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली आणि दोघं नदीतच दगडांखाली गेली, अशी आख्यायिका. शेवटी झेंडा चंडीमातेपुढे येतो. पण तोवर किती डोळे फुटतात, किती जणांचा जीव गेलाय! प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, पोरांनी पुन्हा गोटेच उचलले.

चेंडूनं भागायचं नाही, हे मी तीस वर्षं सांगतोय. स्पेनमधल्या बुन्योल गावात लोक एकमेकांना टोमॅटो मारतात, पण त्यांना झेंडा आणायचा नसतो. आपल्याला पल्याड जाऊन यायचं असतं, आणि हा तर सरळ हुतूतू आहे! एकट्यानं समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, शिवायचं, दम तुटायच्या आत आपल्या रेघेवर परतायचं. दोन गावांनी वाळूत रेघ आखावी, जिंकेल त्यानं झेंडा न्यावा. पळस तोच, देवी तीच, फक्त गोटा नको. मैदानावर तुला हेच शिकवलं ना? शिवून आलास तर गुण, तिथंच पडलास तर बाद. आख्यायिकेतल्या त्या दोघांना परतता आलं नाही, म्हणून तर गाव अजून त्यांची आठवण काढतं.

बरं, लेकीला घेऊन येतोयस ना? ती काठावर उभी राहून कोणाकडे बघेल, याचा विचार केलास? पोळ्याच्या आदल्या दिवशी पोहोच. बैलांच्या शिंगांना रंग तिच्या हातून लावू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्हा दोघांना घेऊन मी जाम सावळीला जाणार आहे, गाडी सांगून ठेवलीय. 'येतो' एवढंच कळवू नकोस. 'नदीत उतरणार नाही' असं स्वतःच्या हातानं लिहून पाठव. तोवर मामीला ती शेवटची ओळ मी दाखवायचो नाही.

तुझा,
मामा