वावरातले गोल गोटे

नोकरीला लागून माझे दुसरेच वर्ष होते. नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात सपाटीकरणाचे काम पाहायला गेलो होतो. वावराच्या वरच्या टोकाला मोठमोठ्या धोंड्यांचे वर्तुळ होते आणि आत माती-गोट्यांचा बुटका उंचवटा. मी म्हणालो, "हे धोंडे काढून बांधाला लावा. चार तास जास्त निघतील."

घरातली म्हातारी पुढे आली. "ते गोटे हालवू नका जी साहेब. तिथं कोणी तरी निजलं हाय. माह्या सासऱ्यानंबी तिथून नांगर वळवून नेला."

मी हसलो. बी.एस्सी.चा ताठा होता. धोंडे निघाले, बांध झाला.

पुढे एकदा काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणीला गेलो. तिथे अशीच सुमारे 300 वर्तुळे पाहिली आणि पायाखालची जमीन सरकली. म्हातारीचेच खरे होते. ती दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, लोहयुगातल्या माणसांची दफने. माहुरझरीच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले, घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज निघाला, लोखंडी हत्यारे निघाली. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. तांदूळ, गहू, मसूर यांचे दाणेही सापडले. म्हणजे ती आपल्यासारखीच कास्तकार माणसे!

मंडळी, कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरूनच जाणकार हा इतिहास वाचतात. एकदा ट्रॅक्टर फिरला की ते पान फाटलेच. बुडालेले पीक पुढच्या साली पुन्हा घेता येते; हे पुन्हा येत नाही.

जुनापाणी सरकारने संरक्षित केले आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला कायद्याने बंदी आहे. पण तुमच्या वावरात एकट्या पडलेल्या वर्तुळाचे राखणदार तुम्हीच. तेथले धोंडे हालवू नका. आत नांगर घालू नका, झाड लावू नका. गवत वाढू द्या. धनाच्या आशेने खड्डा खणू नका. जुनी वस्तू वर आलीच, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यात तशी तरतूदच आहे.

ती म्हातारी आता नाही. बांधातले धोंडे मात्र आहेत. त्या वाटेने जाताना माझी मान आजही खाली जाते.