पुढचा एक दात

मैत्रिणींनो, मीठ-मिरचीचा हिशेब बाईने ठेवावा आणि गाडीचं सगळं पुरुषांनी बघावं, ही वाटणी कुणी केली कोण जाणे! पण मागच्या सीटवर बसायचं असतं आपल्यालाच. आणि चढावर गाडी धापा टाकू लागली की "जरा उतरतेस का?" हेही आपल्यालाच ऐकावं लागतं. म्हणून आज थोडं दातांविषयी सांगते. आपल्या नव्हे, मोटरसायकलच्या!

२०२२ साली हे निवृत्त झाले आणि लांबच्या प्रवासाला म्हणून मोठी मोटरसायकल घरी आली. मुलं आपापल्या मार्गाला लागली होती. आधी कोकण-गोवा, मग जमलं तर मनालीवरून लेह, असा आमचा बेत. आमच्या गॅरेजवाल्याने सल्ला दिला, "काका, पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं टाका. हायवेला गाडी मस्त पळेल, इंजिन ओरडणार नाही." हे खूष! मी विचारलं, "आणि घाटात?" तर दोघेही हसले. "काकू, खालचा गिअर टाकायचा की!"

ते हसणं मला जरा लागलं. पण मी काही बोलले नाही, वही घेऊन बसले.

स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चक्री. एक लहान चक्री पुढे, गिअरबॉक्सच्या बाहेर. दुसरी मोठी, मागच्या चाकाला. आणि दोन्हींवरून चेन. आपलं पायाचं शिलाई मशीन आठवा. तिथे खालच्या मोठ्या चाकाला एक फेरा दिला की पट्ट्याने वरचं लहान चाक भराभर फिरतं. गाडीत याच्या उलट. लहान चक्री मोठीला फिरवते, म्हणून वेग कमी होतो, पण जोर वाढतो. आमच्या गाडीला पुढे १५ दात, मागे ४५. पुढची तीनदा फिरली की चाक एकदा फिरणार.

पुढे १६ दात केले तर ओढ साधारण ६ टक्क्यांनी घटते. १४ केले तर ७ टक्क्यांनी वाढते. पुढचा एकच दात, पण तो मागच्या तीन दातांइतका! भाजीत मीठ किती आणि तेल किती, तसंच हे. चमचा तोच, पण परिणाम वेगळा.

आता वेगाचं बघा. इंजिन तितकंच फिरवून १५ दातांवर गाडी ८०ने जात असेल, तर १४वर ती सुमारे ७५ने जाईल आणि १६वर ८५ने. दिवसाला ३०० किलोमीटर धरले तर ८० आणि ७५ मध्ये फरक पडतो पंधरा मिनिटांचा. म्हणजे एका चहाचा! तो तर आपण कुठेही थांबून घेतोच.

आणि वजन? गॅरेजवाल्याने चक्कर मारली ती एकट्याने, सपाट रस्त्यावर. आमचं म्हणाल तर ह्यांचं ७४ किलो, माझं ६१ आणि दोन्ही बाजूंच्या पिशव्या २५. झाले १६० किलो! खालचा गिअर टाकायचा हे खरं, पण पहिल्याच्या खाली गिअर नसतो ना! अवघड वळणावर, समोरून एस.टी. आली असताना पहिला गिअरही जड पडला, तर क्लच अर्धा दाबून गाडी रेटावी लागते. मग क्लच प्लेट जळल्याचा वास येतो आणि गाडी बंद पडते. साठीच्या माणसाने, दुखऱ्या गुडघ्यांवर, चढाला थांबलेली भरली गाडी तोलायची? मी उतरते की नाही एवढाच तो प्रश्न नव्हता, दोघांच्या हाडांचा होता.

उतारावरही तेच. गिअर जोरकस असला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर ताण कमी येतो.

लेहच्या वाटेवर आणखी एक भर. तिथली तांगलांग ला खिंड सुमारे ५,३०० मीटर उंच. तिथे हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. आपल्याला धाप लागते तशी इंजिनलाही लागते, त्याची ताकद घटते.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढचे दात कमी केले की हायवेला इंजिन जास्त फिरतं, पायांना थरथर जाणवते, पेट्रोल थोडं जास्त लागतं. चक्री लहान, म्हणून चेनला वळण घट्ट पडतं आणि ती लवकर झिजते. काही गाड्यांत वेगाचा काटा गिअरबॉक्सवर चालतो, तो मग चुकीचा आकडा दाखवतो. बारा महिने १४ ठेवण्यात काही अर्थ नाही.

ही वही मी ह्यांच्यापुढे ठेवली. हे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे कंपनीने १५ दिलेत ते काही उगाच नाहीत." एवढं पुरे होतं. कोकणात, आंबोलीत १५च ठेवले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लेहला निघताना तेवढे १४ बसवले. खिंडी चढायला वेळ लागला, पण मला एकदाही उतरावं लागलं नाही.

तुमच्या घरी असा बेत शिजत असेल, तर आधी विचारा: माणसं किती, सामान किती, वाट सपाट की घाटाची? बदलायचंच असेल तर गाडीला चालणारंच स्प्रॉकेट घ्या. चेन झिजली असेल तर चेन आणि दोन्ही चक्र्या एकदमच बदला. जुन्या चेनवर नवी चक्री लवकर खराब होते. चेन उघडी असेल तर पदर-ओढणी आवरून बसा. आणि चाचणीची चक्कर दोघांनी, सामानासकट, चढावरच मारा. गाडी दोघांना न्यायची असेल, तर तिचा हिशेबही दोघांच्या वजनाचाच हवा. तेवढं विचारायला काही मेकॅनिक व्हावं लागत नाही!