रंकाळ्यावरची सकाळ

रविवारी फजरची नमाज झाली की मी पुन्हा अंथरुणात शिरत नाही. स्कूटरला रंगांची पिशवी अडकवायची, पॅड पायाशी उभे करायचे आणि रंकाळा गाठायचा, हा क्रम सात-आठ वर्षांपासून चालू आहे. आम्ही पाचजण आहोत. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, त्यांना सगळे आबा म्हणतात. एकजण पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आला आणि त्याचा धंदा बसला, आता तो गाड्यांच्या नंबरप्लेट करतो. एक एस.टी.त कंडक्टर, एक गूळ बाजारात दिवाणजी आणि पाचवा मी, उर्दू शाळेतला बी.एड. मास्तर. चित्रकलेचे रीतसर शिक्षण एकट्या आबांचे झाले आहे. बाकीचे त्यांच्या शिव्या खाऊन शिकलो.

घरी बसून फोटोवरून चित्र काढणे आबांना मान्य नाही. ते म्हणतात, फोटो तुमची वाट बघतो, ऊन बघत नाही. खरेच आहे. शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर पडलेले कोवळे ऊन तासाभरात पांढरे होऊन जाते. तेवढ्यात काय पकडायचे आणि काय सोडायचे ते ठरवावे लागते. जलरंगात तर उजेडासाठी कागदच कोरा राखावा लागतो. एकदा तिथे रंग गेला की तो उजेड परत आणता येत नाही. डिसेंबरात धुक्यामुळे वॉश वाळत नाही, एप्रिलमध्ये ब्रश कागदावर टेकेपर्यंत वाळून जातो. मग आम्ही पंचगंगा घाटावर सावली शोधत फिरतो. रमजानमध्ये माझी आणखी एक पंचाईत होते. ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायची मला वाईट सवय आहे. रोजा असला की दिवाणजी माझ्या हातात फडके देतो आणि मला विसर पडतो की काय म्हणून लक्षही ठेवतो. त्या महिन्यात चहाची किटलीही ही मंडळी लांब नेऊन ठेवतात. मी कधी तसे सांगितलेले नाही.

माझ्या चित्रांत माणसे नसायची. घाट, देवळांची शिखरे, नावा, चिंच, सगळे असायचे. दोन वर्षे कोणी काही बोलले नाही. मग एकदा आबा म्हणाले, "मास्तर, माणूस नाही तर घाट केवढा ते कसं कळायचं? पायरी गुडघ्याएवढी का कमरेएवढी?"

मी त्यांना रिवायत सांगितली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे एक चित्रकार आला आणि हाच माझा रोजगार आहे म्हणाला. तेव्हा त्यांनी त्याला सांगितले, काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत रूह नाही अशा वस्तू काढ. सहीह बुखारीत ती आहे. आबांनी नीट ऐकून घेतले. वाद घातला नाही, हसलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "मग चेहरा नको. दोन टिंबं दे."

तेव्हापासून मी दोन टिंबे देतो. एक धडाचे, एक डोक्याचे. डोळे नाहीत, नाक नाही. चेहरा नसेल तर ती तस्वीर ठरत नाही असे मानणारे उलेमा आहेत, न मानणारेही आहेत. मी आलिम नाही. पण घाटाची पायरी मात्र आता पायरीएवढी दिसते.

आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते की कोल्हापूरच्या निसर्गचित्रांची वाट ज्यांनी पाडली त्यांत आबालाल रहिमान हे नाव अगदी पुढे आहे. ते मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि 1931 मध्ये ते गेले. 1922 मध्ये महाराज वारले तेव्हा दुःखाने त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात बुडवली, असे इथे सांगतात. उरलेल्यांपैकी काही टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. मी माझ्या वर्गातल्या मुलांना ती दाखवून आणली. एका मुलाने नावाची पाटी दोनदा वाचली आणि विचारले, "सर, ये अपने में के थे?"

त्याच वर्गातल्या एका मुलीचा हात फार चांगला आहे. आमच्या शाळेत चित्रकलेला वेगळा शिक्षक नाही, तो तास माझ्याच गळ्यात आहे. मी तिला एलिमेंटरीला बसवायचे ठरवले. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांना घरच्यांची हरकत नव्हती. अडले ते स्मरणचित्रावर. त्यात बाजार, बसस्टॉप, पाणवठा असे काहीतरी येते आणि माणसे काढावीच लागतात. वडील शिलाईकाम करतात, सज्जन माणूस. शाळेत येऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, अपने में तस्वीर नै चलती. बच्ची का नाम काट डालो."

अशा वेळी आपले शिकलेले लोक एकतर त्या बापाला अडाणी ठरवतात किंवा हात झटकून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. त्यांच्या मनात जे आहे तेच माझ्याही मनात वर्षानुवर्षे होते, अजून थोडे आहे. मी नाव कापले नाही. म्हणालो, रविवारी मुलीला घेऊन रंकाळ्यावर या.

ते आले. तास-दीड तास आबांच्या मागे उभे होते. मुलगी कंडक्टरच्या शेजारी बसून पाण्यातले प्रतिबिंब काढत होती. प्रतिबिंब खऱ्या झाडापेक्षा थोडे गडद घ्यायचे, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. आबांनी म्हशी धुणारा एक माणूस काढला, तीन फटकाऱ्यांत. वडिलांनी वाकून पाहिले. कपडा बेतणाऱ्याची नजर ती. म्हणाले, "कंधा बराबर बैठा है."

सोमवारी फॉर्मवर त्यांची सही आली. मुलीच्या हाती निरोपही होता: परीक्षेपुरते ठीक आहे, घरात भिंतीवर काही लावायचे नाही, आणि इंटरमिजिएटचे पुढच्या वर्षी बघू.

मी फी भरली. आता स्मरणचित्राची तयारी चालू आहे. दर रविवारी बापलेक येतात. ती माणसे काढते, पाठमोरी.