अर्जातली एक ओळ

भीमा-अमरजेच्या संगमावर भाषेची हद्द शोधू गेलो तर सापडत नाही. पौर्णिमेला सोलापूर-पुण्याकडची माणसे गाणगापुरात येतात. दुकानदार त्यांना मराठीत नारळाचा भाव सांगतो आणि त्याच दमात बायकोकडे कन्नडमध्ये सुटे पैसे मागतो. यात काही विशेष आहे असे आमच्याकडे कुणाला वाटतच नाही. मुलांच्या नोकरीच्या अर्जातून नेमके हेच गळून जाते.

गेल्या उन्हाळ्यात भाची बायोडाटा दाखवायला आली. कलबुर्गीत बी.कॉम. झालेली. पाने तीन. छंद : वाचन, संगीत. अनुभव : नाही. भाषा : कन्नड, इंग्रजी.

"अगं, आणि मराठी?"

"मामा, कंपनी बेंगळुरूची आहे. उगाच बाहेरची समजतील."

घरात बोलायची भाषा पोरीला कागदावर अडचण वाटावी, हे मनाला लागले. पण सीमेवरच्या घरांना ही भीती नवी नाही.

मी विचारले, "दुकानाचा हिशेब कोण ठेवतं?" चार वर्षे तीच ठेवत होती, दत्तजयंतीच्या गर्दीतसुद्धा. मग 'अनुभव : नाही' खोडले आणि लिहिले : 'चार वर्षे घरच्या दुकानाची खरेदी, विक्री व हिशेब सांभाळला.' भाषांपुढे येते तेवढेच मांडले. कन्नड, इंग्रजी : बोलणे, वाचणे, लिहिणे. मराठी : बोलणे, वाचणे.

तिनाचे एक पान झाले. शेवटची पदवी वर, दहावी खाली. पुण्याच्या प्रतीत पी.यू.सी.पुढे 'बारावी' घातले. नाव मात्र मार्क्स कार्डावर आहे तसेच ठेवले. इकडे नावाला आद्याक्षर लावतात, तिकडे आडनाव. कागदोपत्री एका मुलीच्या दोन मुली व्हायला वेळ लागत नाही.

राहता राहिले 'बाहेरची' असणे. २०१२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे आला आणि आमच्या भागातल्या मुलांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. त्या नोकरीला कन्नड यायला हवे, हे रास्तच आहे. पण त्यासाठी लागणारा स्थानिकत्वाचा दाखला जन्म आणि वास्तव्य पाहतो. घरात कोणती भाषा बोलता, हे विचारत नाही. भाचीला एवढेच सांगितले.

बेंगळुरूच्या अर्जात मराठी ठेवायची की नाही, हे तिच्यावर सोपवले. रात्रभर विचार करून तिने ती ओळ ठेवली. पुढे काय होईल ते होवो. अर्जात निदान ती पुरती उतरली आहे.