बालकाची पहिली गणती

पाहुणे घरीं आले म्हणजे लहान मुलास मध्यें उभें करून त्याजकडून एक ते शंभर अंक म्हणवून घ्यावयाचे, हा आपल्या घरांतून चालत आलेला जुना कौतुकाचा प्रकार आहे. मूल घडाघडा अंक म्हणतें, पाहुणे मान डोलावतात, आजीचे डोळे भरून येतात, आणि मूल गणितांत हुशार निघणार असा निकाल चहा संपण्यापूर्वींच लागतो. या कौतुकांत वाईट कांहींच नाहीं. परंतु अंक म्हणतां येणें आणि मोजतां येणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. आणि त्याचा भुर्दंड पुढें मुलासच भरावा लागतो.

आमच्या घरांतीलच उदाहरण देतों. आमच्या धाकट्या बंधूंची नात चार वर्षांची असतां शंभरापर्यंत अंक न अडखळतां म्हणत असे. तिच्यापुढें चिंचोक्यांची वाटी ठेवून, "बाळ, यांतले सात मला दे पाहूं," असें आम्हीं म्हटलें, तेव्हां तिनें मूठभर चिंचोके आमच्या हातावर ओतले आणि विजयी मुद्रेनें आमच्याकडे पाहिलें. त्यांत लबाडी नव्हती, तसा मंदपणाही नव्हता. अंकांचीं नांवें तिला आरतीसारखीं पाठ होतीं. 'सात' हें सात वस्तूंच्या समूहाचें नांव आहे, हा बोध मात्र अजून व्हावयाचा होता. एका वस्तूस एकच अंक द्यावा, कोणतीही वस्तु सुटूं नये वा दोनदां मोजली जाऊं नये, आणि शेवटीं उच्चारलेला अंक हीच सर्वांची संख्या समजावी, हे नियम मनांत एकत्र जुळले म्हणजेच खरी मोजणी सुरू होते.

एवढ्यानेंही समज पुरी होते असें नाहीं. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनीं आलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील प्रयोगासारखा प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरांत करून पाहतां येतो. सहा-सहा शेंगदाण्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडाव्या; मूल 'सारखे' म्हणतें. मग त्याच्या देखतच एक ओळ ऐसपैस पसरावी. चार-पांच वर्षांचें मूल बहुधा पसरलेल्या ओळींत जास्त दाणे आहेत असें सांगतें. त्यावर रागावून उपयोग नाहीं. पुढील संशोधकांनीं तर असें दाखविलें कीं, प्रश्न विचारण्याची रीत बदलली म्हणजे मुलाचें उत्तरही पुष्कळदां बदलतें. मुलाची हुशारी आपण मोठीं माणसें कसें विचारतों यावरही अवलंबून असते, हें यावरून उघड होतें.

आमच्या नातीची खरी कसोटी ती पहिलींत गेल्यावर लागली. 'एकोणतीस' ऐकून तिनें ३९ लिहिले, 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिले. वहींत 'गणितांत फार कच्ची' असा शेरा आला, आणि घरांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं "हिला गणिताचें डोकेंच नाहीं" अशी त्यावर मोहर उठविली. मुलगी दाराआड उभी राहून तें ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून ती पाटीस हात लावीना.

वस्तुतः तो दोष डोक्याचा नव्हता. 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं ऐकूं येतात. लिहितांना मात्र दोन आधीं लिहावे लागतात. 'एकोणतीस' म्हणजे एक उणे तीस. मूल 'तीस' ऐकतें आणि ३ मांडून मोकळें होतें. १९ पासून ८९ पर्यंत आठ वेळां हीच अडचण येते. आणि ती अंगवळणी पडते न पडते तों ९९ ला 'एकोणशंभर' न म्हणतां 'नव्व्याण्णव' म्हणावयाचें! याउलट चिनी भाषेंत अकरास 'दहा एक', बारास 'दहा दोन' अशा अर्थाचे शब्द आहेत. तेथील मुलें अकरा ते वीस मोजतांना अमेरिकन मुलांपेक्षां कमी अडखळतात, असें संशोधकांस आढळलें आहे.

२०१९ सालीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक', 'तीस दोन' असें संख्यावाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा वाद माजला हें वाचकांस स्मरत असेल. आमच्या मतें 'वीस एक' ही शिडी आहे, माडी नव्हे. शिडी लावूंच नये हा हट्ट अयोग्य. आणि शिडीवरच बसून राहणें हेंही अयोग्य. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या पुष्कळ मुलांस आज 'थर्टी सिक्स' कळतें, 'छत्तीस' कळत नाहीं. त्यांस दोघांमधील वैराला 'छत्तिसाचा आकडा' कां म्हणतात, ३६ मधील तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून कसे बसले आहेत, ही गंमत कोण सांगणार?

मुलीच्या आईनें यावर साधाच उपाय केला. उदबत्तीच्या उरलेल्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि तीन जुड्या मुलीपुढें ठेवल्या. "तीस आहेत, एक उणी कर." मुलीनें एक जुडी सोडली, एक काडी बाजूस ठेवली आणि दोन जुड्या व नऊ सुट्या काड्या पाहून २९ हा आंकडा आपण होऊन लिहिला. रोज दहा मिनिटें, मुलगी कंटाळली कीं बंद, असा क्रम सुमारें तीन आठवडे चालला. आतां 'एकोण' ऐकतांच ती मनांतल्या मनांत जुडी सोडते.

एकत्र कुटुंबांत या कामीं प्रत्येकास वांटा घेतां येतो. पानें मांडतांना आजीनें "वाट्या किती लागतील?" असें विचारावें, आत्यानें सोंगट्यांचा पट मांडावा. अमेरिकेंतील रॉबर्ट सीग्लर व गीता रमाणी यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, एक ते दहा अंकांच्या पटावर पंधरा-पंधरा मिनिटें चार वेळां खेळल्यानें गरीब घरच्या लहानग्यांचें संख्याज्ञान वाढल्याचें दिसून आलें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां तेथेंही खडे, शिंपले, बिया हींच शिक्षणाचीं साधनें झालीं. तेव्हां खर्चाची सबब कोणीं सांगूं नये.

वडील मंडळींस एवढीच विनंति कीं, मुलाचें उत्तर चुकलें तर तें तसें कां चुकलें हें त्यालाच प्रेमानें विचारावें. बहुधा त्यांत कांहीं तरी विचार सांपडतोच. आणि 'याला डोकें नाहीं' हें वाक्य मुलाच्या कानांवर पडेल अशा ठिकाणीं कधींही उच्चारूं नये. पाटीवरील चुकलेला आंकडा ओल्या फडक्यानें पुसतां येतो. हें वाक्य पुसावयास कित्येक वर्षें लागतात.