माझी आजी वाजते
(तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार)

हो, अक्षरशः वाजते. दाराशी मेटल डिटेक्टरची चौकट असते ना, तिच्यातून आजी गेली की टींऽऽ! परत पाठवा, परत टींऽऽ! बांगड्या काढा, गळ्यातली माळ काढा, कमरेची किल्ली काढा, तरी टींऽऽ! कारण जे वाजतं ते काढून ट्रेमध्ये ठेवता येत नाही. २०२१ साली आजीचे दोन्ही गुडघे बदलले. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमचं टोपण, खाली नडगीच्या हाडात टायटॅनियमची बैठक, आणि दोघांच्या मध्ये पॉलिएथिलीनची चकती. एका गुडघ्यात हा ऐवज अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. म्हणजे दोन पायांत मिळून किलोभर. मटेरियल सायन्सच्या सिलॅबसमधला हा एवढाच भाग मला न घोकता येतो.

आता गंमत बघा. माझ्या रूम पार्टनरच्या हातात सेकंड इयरपासून एक पट्टी आणि सहा स्क्रू आहेत (फुटबॉल, अजून काय). हॉस्टेलवर त्याचं नावच ‘स्क्रू’ पडलंय. हा पठ्ठ्या कुठल्याही चौकटीतून बिनबोभाट जातो. वाजला तर पट्ट्याचं बक्कल वाजतं. आजी मात्र दरवेळी. असं का, हे आजीनेच मला विचारलं होतं, आणि तेव्हा खरं म्हणजे पहिल्यांदा मला वाटलं की आपण ज्या ब्रँचला आहोत तिचा घरी काहीतरी उपयोग आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की आत लोहचुंबक असतो. तसं नसतं. चौकटीच्या खांबांमध्ये तारेची वेटोळी असतात. त्यांच्यातून प्रवाहाचे झटके सोडतात, सेकंदाला शंभराहून जास्त. त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात कुठलाही वाहक धातू आला की त्याच्या पोटात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात, ज्यांना आपण एडी करंट म्हणतो आणि ओरल्सला विसरतो. ते प्रवाह स्वतःचं छोटंसं क्षेत्र तयार करतात आणि चौकट ते ‘ऐकते’. तेव्हा लोखंड असलंच पाहिजे असं नाही. धातू किती मोठा, त्याचा आकार कसा, वीज किती चांगली वाहून नेतो आणि समोरच्याने मशीनची संवेदनशीलता किती ठेवली आहे, यावर सगळं ठरतं. टायटॅनियम त्या मानाने मंद वाहक, शिवाय स्क्रूची पट्टी बोटभर. आजीचे गुडघे म्हणजे चांगले मुठीएवढे धातूचे गोळे, तेही दोन. आणि मशीनला गुडघा आणि सुरा यांतला फरक कळत नाही. तिला फक्त ‘आहे’ एवढंच कळतं.

शरीरातला धातू शोधायचं यंत्र हे काही आजचं खूळ नाही. १८८१ च्या २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात नक्की कुठे अडकली आहे ते डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल आपलं ‘इंडक्शन बॅलन्स’ घेऊन धावले. त्यांनी दोनदा तपासलं. पण अध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्यात पोलादी तारा होत्या, आणि डॉक्टरांनी त्यांना शोधायला दिलं ते उजव्या बाजूलाच. गोळी काही सापडली नाही. सप्टेंबरात गारफिल्ड वारले. म्हणजे यंत्र तत्त्वाने बरोबर होतं, गोंधळ झाला तो भोवतालच्या माणसांचा आणि गादीचा. लॅबमध्ये आपलं रीडिंग चुकतं तेव्हा मला ही गोष्ट हमखास आठवते. (सर, हे वाचत असाल तर टर्मवर्कवर राग काढू नका.)

असो. आजीकडे येऊ.

ऑपरेशननंतर आजी चार महिन्यांत जिने चढायला लागली. आम्ही खूश! त्याच भरात आत्या तिला एका मोठ्या मॉलमध्ये घेऊन गेली. दारात चौकट वाजली. गार्डने तीनदा मागे-पुढे करायला लावलं. मागे रांग, रांगेत कोणीतरी हसलं. मग एका बाईने सगळ्यांसमोर सांगितलं, साडी जरा वर करा. आजी काही बोलली नाही. सरळ वळली आणि रिक्षात जाऊन बसली. आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं जिथे गेट असेल तिथे ती गेली नाही. भाच्याचं लग्न मोठ्या हॉटेलात होतं, नाही गेली. देवळात नवीन चौकट बसली तर देवदर्शनही बंद. विचारलं की म्हणायची, “माका खंय नेव नको. माझी ढोपरां काय पिस्तुलां आसत?” आमच्या घरात मालवणी फक्त आजीच बोलते, आणि रागावली की जास्तच मालवणी बोलते.

आता विचार करा, ज्या बाईने चालता यावं म्हणून दोन्ही पाय कापून घेतले, ती चालता येऊनही घरात बसली.

२०२३ च्या डिसेंबरात आत्याने मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग केलं. दोन रात्री. यामागे एक कारण होतं. आजीचं माहेर विजयदुर्गजवळचं गिर्ये. लग्नानंतर कित्येक वर्षं ती मुंबईहून गावी जायची ते बोटीने, भाऊच्या धक्क्यावरून. ‘रोहिणी’, ‘कोकणसेवक’ ही नावं ती अजून घरच्या माणसांसारखी घेते. जिथे बोट आत येऊ शकायची नाही तिथे पडाव यायचा, आणि खलाशी हात धरून, पोरं-बोचकी-कोंबड्यांसकट सगळ्यांना खाली उतरवून घ्यायचे. तपासणी? तिकीट आणि खलाशाचा हात, बस्स. त्या बोटी कधीच बंद झाल्या. समुद्रातून गाव परत एकदा बघायचं हे आजी वर्षानुवर्षं बोलत होती. पण क्रूझ म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो हाच, “थंय गेट आसा?”

आहे. एक नव्हे, बरीच आहेत. बंदरात शिरताना, जहाजावर चढताना, गोव्याला उतरून परत येताना पुन्हा. मी तिला खोटं सांगितलं नाही. उलट ही गेटं का आली तेच सांगितलं. १९८५ च्या ऑक्टोबरात ‘अकिले लाउरो’ नावाच्या इटालियन प्रवासी जहाजावर चार हत्यारबंद माणसं प्रवासी बनूनच चढली होती. त्यांनी जहाज ताब्यात घेतलं आणि लिऑन क्लिंगहॉफर या ६९ वर्षांच्या अमेरिकन प्रवाशाला गोळी घालून समुद्रात टाकलं. तो माणूस व्हीलचेअरवर होता. पुढे जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेचे नियम कडक होत गेले. न्यूयॉर्कच्या २००१ च्या हल्ल्यानंतर आयएसपीएस नावाची संहिता ठरली आणि १ जुलै २००४ पासून ती जगभर लागू झाली. आणि आपल्या मुंबईला तर वेगळं सांगायची गरजच नाही. २००८ च्या नोव्हेंबरात ती दहा माणसं समुद्रातूनच आली होती.

आजी व्हीलचेअरवाल्या माणसापाशी थांबली. “म्हाताऱ्याक कित्याक मारल्यानी?” म्हणाली. मग बराच वेळ गप्प. रात्री आत्याला म्हणाली, “येतंय मी.”

आम्ही थोडी तयारी केली. डॉक्टरांनी दिलेलं इम्प्लांटचं कार्ड बरोबर घेतलं. या कार्डाबद्दल लोकांचा गैरसमज असतो की ते दाखवलं म्हणजे पास मिळाला. तसं काही नाही. असलं कार्ड कोणीही छापेल, आणि खरं कार्डवाला माणूसही खिशात काही घेऊन येऊ शकतो. तपासणी होतेच, आणि व्हायलाच पाहिजे असं माझं मत आहे. कार्डाचा उपयोग एवढाच की बोलणं सुरू करायला बरं पडतं. खरी गोष्ट म्हणजे चौकट वाजायच्या आधी सांगायचं. आणि तीन गोष्टी मागायच्या : बाईमाणूस तपासायला, आडोसा आणि बसायला खुर्ची. मागायला लाजायचं नाही.

बंदरात सुरुवात काही चांगली झाली नाही. बॅगा पट्ट्यावरून एक्स-रेमध्ये गेल्या. चौकटीपाशी जो तरुण होता त्याला आत्या सांगत होती, पण गर्दी एवढी की त्याने ऐकलंच नाही. आजी गेली, टींऽऽ. “चपला काढा!” तो ओरडला. चौकटीच्या दोन्ही खांबांवर गुडघ्याच्या उंचीला लाल दिवे पेटले होते. आजकालच्या चौकटी कुठल्या उंचीवर धातू आहे तेही दाखवतात. मी आजीचा चेहरा पाहिला. तोच, मॉलमधला. मला वाटलं संपलं सगळं, आता ही रिक्षा शोधणार.

पण आजी वळली नाही. ती तिथेच उभी राहिली आणि त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, “दोन्ही गुडघे ऑपरेशनचे आहेत. बाईला बोलवा. मी खुर्चीवर बसते.” शुद्ध मराठीत! आमच्या कोणाचा कानांवर विश्वास बसेना.

बाई आल्या. तिशीच्या असतील. आजीला हात धरून पडद्यामागे नेलं. आत्या बरोबर गेली, त्यामुळे पुढचं तिच्याकडून कळलं. हातातलं छोटं डिटेक्टर साडीवरूनच फिरवलं, गुडघ्यांवर किंचाळलं, बाकी कुठे नाही. झालं, जा म्हणाल्या. पण आजीनेच साडी वर घेतली आणि दोन्ही गुडघ्यांवरचे उभे व्रण दाखवले. त्या बाई खाली बसल्या. म्हणाल्या, “मावशी, माझ्या आईचं करायला सांगितलंय. खूप दुखतं का हो?” मग पडद्यामागे गुडघ्याची ओपीडीच सुरू झाली. पहिला आठवडा वाईट जातो, व्यायाम चुकवायचा नाही, कमोड बसवून घ्या, गुडघ्याखाली उशी ठेवू नका... दहा मिनिटं! बाहेर मी आणि बाबा बॅगांपाशी उभे, आणि तो ओरडणारा तरुण आमच्याकडे बघून विचारतोय, अजून काय चाललंय?

आमच्या मागे एक काका होते, त्यांना पेसमेकर. ते म्हणाले मी कालपासून झोपलो नाही, चौकटीत गेलो आणि काही बंद पडलं तर? त्यांना मी जे सांगितलं ते सगळ्यांनाच उपयोगी म्हणून इथे लिहितो. चौकटीतून नेहमीच्या चालीने निघून जायचं, आत रेंगाळायचं नाही, टेकायचं तर अजिबातच नाही. हातातलं डिटेक्टर छातीवर धरून ठेवू द्यायचं नाही. आधी सांगून हाताने तपासायला सांगायचं. आणि गुडघेवाल्यांनी तर काळजीच करू नये, गुडघ्यात बंद पडायला सर्किटच नाही. काकांनी माझं नाव आणि कॉलेज विचारलं. इंजिनिअरिंगला असल्याचा इतका मान मला कॅम्पसमध्ये कधी मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी गोव्याला मुरगाव बंदरात उतरून संध्याकाळी परत आलो. जहाजाच्या शिडीशी नेपाळी गार्ड. मी पुढे होऊन सांगणार तोच आजीने दोन्ही गुडघ्यांवर टिचक्या मारल्या आणि म्हणाली, “कोबाल्ट क्रोम!” त्याला काही कळलं नसावं, पण तो हसला, डिटेक्टर फिरवलं, टीं, टीं, आणि “ओके ग्रँडमा” म्हणून मोकळा. आजी मागे वळून मला म्हणाली, “वाजले मगो.” जणू न वाजते तर अपमान झाला असता.

परतीच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला आम्ही डेकवर होतो. खाली डीजे चालू होता, ती कटकट सोडा. मोबाइलला रेंज नव्हती, पण उपग्रहावरून जागा कळत होती (याला रेंज लागत नाही हे आपल्या ब्रँचला सांगायला नको). टिंब विजयदुर्गच्या समोर आलं तेव्हा मी आजीला सांगितलं. जहाज बरंच लांबून जातं, त्यामुळे किनारा दिसलाच नाही. काळोख, आणि उजव्या हाताला एक दिवा ठरावीक वेळाने उघडझाप करत होता. विजयदुर्गचा की देवगडचा? आजी म्हणाली, देवगडचो. कोणी वाद घातला नाही. ती कठड्याला धरून उभी होती, खुर्ची दिली तरी बसली नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “झिला, माका अग्नी दितलास तेवा ह्येंचा काय होतला?” आणि गुडघ्याकडे बोट दाखवलं.

मी जे होतं ते सांगितलं. टायटॅनियम वितळतं १६६८ अंश सेल्सिअसला, कोबाल्ट-क्रोमला तेराशेच्या वर लागतात. चिता काही तेवढी तापत नाही. तेव्हा ते राहणार.

“म्हंजे राखेत पण वाजतलंय मी,” आजी म्हणाली आणि हसायला लागली, खोकला येईपर्यंत. “भंगारात घालू नको हां. हयच आणून टाक, गिर्याच्या समोर.”

“आई, काय हे मध्यरात्री!” आत्या चिडली आणि चहा बघायला गेली. आजीने तिला पाठीमागून ओरडून सांगितलं, साखर कमी.